मेकाँगच्या कालव्यांकाठी सायकलवरून : बेन त्रे ते कान थो

व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला मेकाँग नदी दोन मोठ्या फाट्यांनी वाहते. उत्तरेकडचा तिएन, दक्षिणेकडचा हाउ. समुद्र जवळ येतो तसे तिएनला आणखी फाटे फुटतात आणि त्यांच्यामधल्या गाळाच्या सपाट जमिनीवर कालव्यांचं जाळं पसरतं. जवळपास प्रत्येक कालव्याच्या काठाने काँक्रीटची अरुंद वाट जाते. रुंदी दीड ते तीन मीटर, वरून माडांची सावली, आणि चारचाकीला शिरायला जागाच नाही. सावकाश सायकल चालवणाऱ्याला याहून चांगला रस्ता मिळणं कठीण.

आम्ही जानेवारी निवडला. डिसेंबर ते एप्रिल इथला कोरडा हंगाम. जानेवारीत पहाटे बावीस-तेवीस अंश आणि दुपारी तीस-एकतीस असं हवामान असतं. एप्रिलमध्ये हीच वाट भाजून काढते. मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, त्यातही ऑक्टोबरपासून अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला सखल वाटा पाण्याखाली जातात. टेट म्हणजे चांद्र नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात खाणावळी आणि दुरुस्तीची दुकानं बंद असतात, म्हणून तारखा त्याच्या निदान दहा दिवस आधीच्या ठेवाव्यात.

दिशाही विचार करून ठरवलेली बरी. कोरड्या हंगामात इथे पूर्वेकडून वारा वाहतो. सकाळी मंद असतो, दहानंतर जोर धरतो. समुद्राजवळून सुरुवात करून पश्चिमेला आत जात राहिलं, तर हा वारा बहुतेक वेळ पाठीशी राहतो. हाच प्रवास कान थोहून उलटा केला, तर रोज दुपारी तोंडावर वारा घ्यावा लागतो.

पहिला दिवस : हो ची मिन्ह सिटी ते बेन त्रे

हो ची मिन्ह सिटीतून सायकलवर बाहेर पडू नये. महामार्गावर ट्रक आणि मोटारसायकलींचा लोंढा असतो आणि पहिले सत्तर किलोमीटर बघण्यासारखं काही नाही. गाडी करून सरळ निघावं, मी थो हे शहर मागे टाकून २००९ साली खुला झालेला राक मिएउ पूल ओलांडावा आणि बेन त्रे गावातच उतरावं. अडीच तास पुरतात.

सायकल भाड्याने घेताना आधी टायर बघावा. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा हवा. वाट काँक्रीटच्या लाद्या जोडून केलेली असते. आडव्या सांध्यांचा त्रास नसतो, पण दोन लाद्यांच्या मधली उभी फट कुठे कुठे बोटभर रुंद होते. अठ्ठावीसचा टायर त्या फटीत अडकला की माणूस कालव्यात जातो, कारण बहुतेक ठिकाणी कठडा नाही. हवा ४५ ते ५५ पीएसआय ठेवावी. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या जातीचा घ्यावा, म्हणजे कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे हवा भरता येते. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल, तर पितळी अडॅप्टर जवळ हवाच.

भारतातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इथे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणजे मागची वाहनं डाव्या खांद्याशी येतात. त्यामुळे आरसा डाव्या हँडलला लावावा. निघण्यापूर्वी रिकाम्या जागी दोन्ही ब्रेक दाबून कुठली दांडी पुढच्या चाकाची आहे ते पाहून घ्यावं. भाड्याच्या सायकलींत दोन्ही प्रकार सापडतात.

दुपारी ऊन उतरल्यावर हाम लुओंग नदीच्या बाजूने वीसेक किलोमीटरची फेरी मारली. बेन त्रे म्हणजे माडांचा मुलूख, आणि इथे नारळाचा कुठलाही भाग वाया जात नाही. घराघरापुढे नारळांचे ढीग होते. एका अंगणात जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारीवर एक गृहस्थ नारळ सोलत होते. नारळ आपटायचा, मनगटाला एक पीळ द्यायचा, फिरवून पुन्हा आपटायचा, की तिसऱ्या वेळी सोडण उतरलेलं. खोबरं एका टोपलीत जात होतं, करवंटी कोळशासाठी वेगळी ठेवली जात होती आणि सोडणं होडीत पडत होती. आम्ही थांबलेले पाहून त्यांनी काही न बोलता दोन शहाळी फोडून पुढे केली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

रात्री बान्ह सेओ खाल्लं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद यांचं पातळ, कुरकुरीत घावनच ते, पण आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड आलेले मूग. त्याचा तुकडा मोहरीच्या रुंद पानात गुंडाळून, सोबत दिलेल्या पाण्यात बुडवून खायचा. बेन त्रेत यात माडाच्या शेंड्याचा कोवळा गाभाही घालतात. शाकाहारी लोकांसाठी गाभा आणि अळंबीचं बान्ह सेओ मिळतं, मात्र ते शाकाहारी खाणावळीतच मागावं. इतरत्र बुडवायच्या पाण्यात माशाचा सॉस असतोच.

दुसरा दिवस : बेन त्रे ते त्रा विन्ह

महामार्ग ६० ने पन्नासच्या आसपास किलोमीटर, कालव्यांच्या वाटांनी साठ धरा. या प्रवासातला हाच सर्वांत लांबचा टप्पा, म्हणून सूर्योदयाबरोबर, सव्वासहाला निघालो. साडेसहा ते सातच्या दरम्यान शाळेची मुलं सायकली आणि विजेच्या दुचाकींवर झुंडीने निघतात. अरुंद वाटेवर त्या वेळी वेग कमी ठेवावा आणि प्रत्येक ‘हॅलो’ला उत्तर द्यावं. उत्तर नाही मिळालं तर मुलं मागे येतात.

हाम लुओंगचा पूल ओलांडला की मो काय भाग लागतो आणि थोम कालवा येतो. दोन्ही काठांवर काथ्याचे कारखाने आहेत. यंत्रात सोडणं कुटून धागा वेगळा होतो, तो उन्हात पसरतात, आणि तपकिरी भुसा दुसरीकडे वाळत घालतात. हा भुसा रोपवाटिकांसाठी पाठवण्यापूर्वी त्यातला क्षार धुवून काढावा लागतो, नाहीतर रोपांची मुळं जळतात. कालव्यात नारळांनी काठोकाठ भरलेल्या लाकडी होड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात नारळ फेकत उतरवत होत्या, दोन-दोन एका वेळी, एकही न सांडता. हवेत काथ्याची धूळ फार असते. डोळ्यांना चष्मा हवा आणि दुपारी थांबल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. तेलावर ही धूळ बसली की तिचा लगदा होतो आणि गिअर अडकायला लागतात.

या वाटांवरचे छोटे पूल कमानीसारखे उंच असतात, कारण खालून होड्या जायच्या असतात. चढ दहा-पंधरा मीटरचाच, पण उभा. गिअर पायथ्याशी उतरवून घ्यावा. चढावर जोर लावताना बदलला तर चेन पडते आणि मागून मोटारसायकल आलेली असते. माथ्यावरून पलीकडचं दिसत नाही, तेव्हा घंटी वाजवतच चढावं. सावलीतल्या वाटेवर शेवाळाचा पातळ थर असतो. तिथे वळणावर ब्रेक लावू नये. सरळ असतानाच वेग कमी करावा आणि तोही मागच्या ब्रेकने.

विसाव्यासाठी झोळ्यांची कॉफी दुकानं शोधावीत. फलकावर ‘का फे वोंग’ असं लिहिलेलं असतं. पत्र्याखाली दहा-बारा झोळ्या टांगलेल्या, एक कॉफी घ्या आणि हवं तितका वेळ पडून राहा. दाट रोबस्टा कॉफी पेल्यावरच्या गाळणीतून थेंब थेंब खाली उतरते, त्यात आटवलेलं गोड दूध आणि बर्फ. सोबत फिका थंड चहा फुकट मिळतो. दहा ते तीन ही वेळ अशा झोळीत काढणं हाच इथला रिवाज आहे आणि सायकलवाल्याने तो पाळावा. नळीसारखा, मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो.

नकाशाबद्दल सांगायलाच हवं. फोनवरच्या नकाशात मोटारसायकलचा पर्याय निवडला तर बऱ्यापैकी खरी वाट मिळते. तरी सर्वांत जवळची वाट पुष्कळदा एखाद्या कालव्यापाशी संपते आणि पलीकडे तीच वाट पुढे सुरू होते. अशा ठिकाणी होडी असते किंवा नसते. आधीच्या वस्तीत कुणालाही ‘डो?’ असं विचारून पुढे हात करावा. लहान होडीला डो म्हणतात, गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीला फा. भाडं काही हजार डोंग (हे इथलं चलन). लहान होड्या अंधार पडल्यावर मिळत नाहीत, म्हणून संध्याकाळच्या टप्प्यात होडी ठेवू नये. चढता-उतरताना सायकलवरून खाली उतरावं, लोखंडी फळी ओली आणि घसरडी असते. मोटारसायकली आधी उतरू द्याव्यात.

को चिएन नदी २०१५ पासून पुलाने ओलांडता येते. हा पूल उंच आहे आणि दुपारी त्यावर आडवा वारा लागतो. हँडलला मोठी पिशवी टांगली असेल, तर ती आधी मागे बांधून घ्यावी.

तिसरा दिवस : त्रा विन्हमध्येच

इथे एक दिवस राहायलाच हवं. त्रा विन्हमध्ये ख्मेर म्हणजे कंबोडियातल्या मुख्य समाजाच्या लोकांची वस्ती मोठी आहे आणि ख्मेर लोक थेरवादी बौद्ध आहेत. समुद्राला समांतर अशा वाळूच्या जुन्या उंचवट्यांवर त्यांची गावं वसली, कारण भोवतीची शेतं पाण्याखाली जात असताना तेवढी जमीन कोरडी राहते. सायकलवर हा उंचवटा लगेच कळतो : चढ जाणवेल न जाणवेल इतका, पण कडेला सैल वाळू येते आणि भातशेताच्या जागी भुईमूग, कलिंगडं आणि जुनी उंच झाडं दिसू लागतात. वाळूत शिरताना टायरमधली हवा थोडी कमी करावी आणि हँडल सैल धरावं.

शहरापासून सातेक किलोमीटरवर आओ बा ओम हा तलाव आहे. भोवताली मोठाले वृक्ष, आणि माती वाहून गेल्यामुळे त्यांची मुळं पुरुषभर उंच उघडी पडलेली. तलाव खणण्यावरून पुरुष आणि बायकांत पैज लागली आणि बायकांनी ती जिंकली, अशी कथा इथे सांगतात. शेजारीच आंग पॅगोडा आणि ख्मेर संस्कृतीचं संग्रहालय आहे. पॅगोड्याच्या छपराखाली गरुड, जिन्यावर नाग, भिंतींवर बुद्धचरित्र. आम्ही पोहोचलो तेव्हा तरुण भिक्खू पाठ म्हणत होते. ‘नमो तस्स भगवतो’ हे शब्द महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत वाढलेल्या माणसाला ओळखीचे असतातच. पालीचं तेच वाक्य ख्मेर उच्चारांत, लांबलेल्या सुरात ऐकताना अंगावर काटा आला. पाठ संपल्यावर एका वयस्कर भिक्खूंनी आम्ही कुठले ते खुणेने विचारलं. ‘इंडिया’ म्हटल्यावर त्यांनी बुद्धमूर्तीकडे बोट दाखवून मान डोलावली आणि केळ्यांचा घड हातात दिला.

पॅगोड्यात सायकलची आखूड चड्डी चालत नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. वरून चढवायची सैल पँट किंवा लुंगी वरच्या कप्प्यातच ठेवावी. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, तेव्हा काही अन्न द्यायचं असेल तर सकाळी अकराच्या आत.

संध्याकाळ हांग पॅगोड्यासाठी राखून ठेवा. गावाच्या दक्षिणेला, पाच-सहा किलोमीटरवर. तिथे झाडांच्या बुंध्यांतून आणि मुळांतून कोरीवकाम करण्याची कार्यशाळा आहे आणि मागच्या झाडीत सूर्यास्ताला बगळे उतरतात.

इथला खास पदार्थ बुन नुओक लेओ. तांदळाच्या शेवया, मुरवलेल्या माशाच्या वासाचा गढूळ रस्सा, वर माशाचे तुकडे आणि भाजलेलं डुकराचं मांस. वास उग्र असतो, चव खोल आणि सौम्य. ज्यांना सुक्या मासळीची सवय आहे त्यांनी चुकवू नये. शाकाहारी मंडळींनी ‘कोम चाय’ असा फलक असलेल्या खाणावळी शोधाव्यात. टोफू, केळफूल, फणसाची भाजी, अळंबी, भात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार करतात, त्यामुळे त्या दिवशी साध्या खाणावळींतही निवड मोठी असते. इतर ठिकाणी ‘मी शाकाहारी आहे, माशाचा सॉसही नको’ हे वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर ठेवून दाखवावं. तोंडी सांगितलेलं कळत नाही, कारण सूर चुकला की अर्थ बदलतो.

चौथा दिवस : त्रा विन्ह ते काउ के

तिएउ कानवरून चाळीसेक किलोमीटर. वारा पाठीशी, शेतं दोन्ही बाजूंना, शेतातच पांढऱ्या-निळ्या थडग्यांची ओळ. रस्त्याच्या अर्ध्या भागात भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल नेऊ नये, समोरून वाहन असेल तर थांबावं. मधेच भात उलटणाऱ्या एका आजींनी फावडं टेकवून आमच्या हेल्मेटकडे बघून खूप हसून घेतलं आणि आपली शंकूच्या आकाराची टोपी काढून दाखवली. ती टोपी सायकलवर वाऱ्याने उडते, एरवी विसाव्याला उत्तम.

घरांपुढे सिमेंटचे आणि मातीचे मोठे रांजण दिसतात. पावसाचं पाणी त्यात साठवतात, कारण कोरड्या हंगामात समुद्राचं पाणी नद्यांतून आत चढतं. पूर्वेचा तोच वारा, जो आम्हाला ढकलत होता, तो खारं पाणीही वर ढकलतो. २०१६ आणि २०२० साली या खारेपणाने शेतीचं मोठं नुकसान केलं. कालव्यांच्या तोंडाशी दिसणारे लोखंडी दरवाजे त्यासाठीच आहेत. सायकलवाल्याला त्यांचा आणखी उपयोग : दरवाजावरून बहुधा पलीकडे जायची वाट असते.

काउ के ‘मेणा’च्या नारळासाठी प्रसिद्ध आहे. आत पाणी जवळजवळ नसतं, सगळी पोकळी मऊ, चिकट गराने भरलेली. एकाच माडावरचे थोडेच नारळ असे निघतात आणि बाहेरून फरक दिसत नाही. विक्रेती नारळ कानाशी धरून हलवते : पाण्याचा खळखळाट झाला तर साधा, नाही झाला तर मेणाचा. असा नारळ स्वतःहून रुजत नाही, म्हणून खात्रीची रोपं हवी असतील तर प्रयोगशाळेत गर्भ वाढवावा लागतो. साध्या नारळाच्या कितीतरी पट किंमत पडते. गर, दूध, साखर, बर्फ आणि भाजलेले शेंगदाणे असा पेला दोघांत एक पुरतो.

मुक्काम ‘न्या-न्गी’ म्हणजे साध्या लॉजमध्ये. अडीच ते चार लाख डोंगांत वातानुकूलित खोली. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग धरा, म्हणजे आठशे ते तेराशे रुपये. पासपोर्टची नोंद करावीच लागते. सायकल रात्री आत घ्यायला सांगावं, कुणी नाही म्हणत नाही. कानात घालायचे बोळे मात्र न्यावेत : संध्याकाळी शेजारी कराओके आणि पहाटे पाचला गावचा सार्वजनिक भोंगा बातम्या देतो. नोटांबाबत एक सावधगिरी. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. मोठी नोट वेगळ्या कप्प्यात ठेवावी.

पत्त्यांचाही घोळ होऊ शकतो. १ जुलै २०२५ पासून बेन त्रे आणि त्रा विन्ह हे प्रांत विन्ह लाँगमध्ये विलीन झाले आणि जिल्हे रद्द झाले. दुकानांच्या पाट्यांवर जुनी नावं, नव्या नकाशांवर नवी. लोक जुनीच नावं घेतात, विचारतानाही तीच वापरावीत.

पाचवा दिवस : काउ के ते कान थो

हाउ नदी डाव्या हाताला ठेवून त्रा ओन, मग बिन्ह मिन्ह. महामार्ग ५४ टाळून नदीकडच्या बागांतून वाट काढली. इथे पपनसाच्या बागा आहेत आणि ‘नाम रोय’ ही बिन्ह मिन्हची जात नावाजलेली. रस्त्याकडेला फोडी सोलून, मीठ-मिरचीबरोबर देतात. दमट उन्हात मीठ जातं ते असं परत मिळतं. सोबत मीठ-साखरेच्या पुड्या आणि दोन मोठ्या बाटल्या हव्यातच.

कान थोचा पूल हा या सगळ्या सपाटीतला सर्वांत मोठा चढ. २०१० साली खुला झाला, मधला गाळा ५५० मीटरचा. दुचाकींची वेगळी मार्गिका आहे, तीच धरावी. माथ्यावर थांबू नये, मागून सतत मोटारसायकली येतात. उतारावर पुलाच्या सांध्यांवरून चाक काटकोनात न्यावं.

सहावा दिवस : काय रांग आणि फोंग दिएन

काय रांगचा तरंगता बाजार बघायचा तर पहाटे पाचला निन्ह किएउ धक्क्यावरून होडी घ्यावी. सातनंतर घाऊक व्यवहार आटोपलेले असतात. प्रत्येक मोठ्या होडीवर बांबू उभा, त्यावर जे विकायचं ते टांगलेलं : अननस, भोपळा, रताळं. रस्ते आणि पूल झाल्यापासून होड्या खूप कमी झाल्या आहेत, त्यामुळे जुनी छायाचित्रं मनात ठेवून जाऊ नये. तरी छोट्या नावेतून, डुलत डुलत, गरम शेवयांचा वाडगा हातात देणाऱ्या ताईंचा हात स्थिर कसा राहतो हे बघण्यासाठी तरी जावंच.

नंतर सायकलने फोंग दिएनच्या फळबागांतून पंचवीस किलोमीटरचा फेरा. अरुंद वाटा, दर शंभर पावलांवर छोटा पूल, आणि ऊन चढायच्या आत परत.

कान थोहून हो ची मिन्ह सिटी सुमारे १७० किलोमीटर. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, म्हणून बस. बस कंपनीला आदल्या दिवशीच सायकल असल्याचं सांगावं, काही बसच्या पोटात जागा नसते. पुढचं चाक आणि पॅडल काढावं, हँडल फ्रेमला समांतर वळवावं, मागचा गिअर सर्वांत मोठ्या चक्रीवर आणून ठेवावा म्हणजे डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आत राहतो. सायकल डिरेलरची बाजू वर येईल अशी आडवी ठेवावी आणि इतर सामान चढून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, स्वतः उभं राहून ती आत ठेवून घ्यावी.